अंगवळणी

चुनखडीच्या खाणीचे पंप ज्या संध्याकाळी बंद केले
राइलीचा बाप घरी आला, हेल्मेट खुंटीला लावलं,
म्हणाला, आता भरेल ती.
भरली. अडीच वर्षं लागली.
आता त्याच बोगद्यांत राइली
धडधाकट माणसांना श्वास घ्यायला शिकवते.

मी हेलसिंकीच्या ट्रामच्या तारा जोडणारा, त्रेपन्न वर्षांचा,
उजवा खांदा गंजलेला.
पहिल्या दिवशी तिने पाण्याकडे फिरकू दिलं नाही.
शेडमधल्या ओल्या सिमेंटवर पालथं घातलं,
पाठीवर जोडटाक्या.
मानेमागे हात ने. उजवं चाक. बंद. उघड. मधलं. डावं.
हात कानापर्यंत गेला आणि अवघडून थांबला,
बिनबोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

घरी सौनाच्या वरच्या फळीवर
रोज हात मागे नेत राहिलो.
सिर्क्का विचारायची, पाठ खाजतेय?
मी म्हणायचो, हवा बंद करतोय.
ती तापल्या दगडांवर आणखी एक पळीभर पाणी ओतायची.

मग नुसतं स्थिर राहणं.
चार अंशाच्या पाण्यात आडवं, गुडघे वाकवून,
वर नाही, खाली नाही.
माझे हात आपोआप वल्ही मारू लागत.
राइलीने पाटीवर लिहिलं: कुणाला बोलावतोयस?
खाली साठ वर्षांचा गाळ, मैद्याहून बारीक.
एक लाथ चुकली
की दिसतं ते सगळं ताक.

आणि तो मार्चमधला मंगळवार:
मास्कवर काळी पट्टी, दोर मुद्दाम हातातून काढून घेतलेला.
शोध.
हाती लागेल त्या दगडाला आपला दोर बांधायचा
आणि चाचपत निघायचं, एक हात पुढे,
नव्या घरात रात्री दिव्याचं बटण शोधतात तसं.
दोर नाही सापडला. सापडली लोखंडी शिडी.
पायरी मधोमध झिजलेली, बुटांनी.
मी तिथे जरा जास्तच रेंगाळलो.
वर आल्यावर राइली म्हणाली,
शिडीवर जीव टाकू नकोस, ती आता कुठेच जात नाही.
आणि चहाच्या थर्मासचं झाकण
बराच वेळ फिरवत बसली.

एप्रिलात, तीस मीटरवर, कसलाही सराव नसताना
माझ्या तोंडातलं यंत्र गोठलं
आणि हवा सुटली,
उतू जाणाऱ्या दुधासारखी, फक्त गडगडाटासह.
मला भीती वाटली का, विचारतात लोक.
वाटली असणार.
पण ती येऊन पोचण्याआधी
डाव्या हाताने गळ्यातलं दुसरं यंत्र तोंडात सारलं होतं
आणि उजवा, तो गंजका,
कानाशी न थबकता मागे गेला होता.
उजवं चाक. बंद.
शांतता.
मग विजेरीचा प्रकाश राइलीकडे, आडवा, जोरजोरात;
मग अंगठा वर.
तिचाही अंगठा वर.
दोराला बोटांचं कडं करून आम्ही निघालो,
घाई न करता. घाई करायची नसते
हेही शिकावंच लागतं.

आणि सहा मीटरवर एकोणीस मिनिटं.
डोक्यावर पातळ बर्फ, त्यात आम्ही कापलेली चौकट,
चौकटीत आभाळ, एका हातावर;
जायचं नाही.
रक्तात विरलेली हवा सावकाश बाहेर पडेपर्यंत
काहीच करायचं नाही.
मी सिर्क्काच्या पळीचा विचार केला.
झिजलेल्या पायरीचा केला.
अकराव्या मिनिटाला रडलो थोडा,
मास्कमध्ये तेही पाणीच.

वर काठावर राइलीने टाक्या उतरवायला मदत केली,
खांद्यावर हात ठेवेल असं वाटलं.
बर्फ झटकत म्हणाली,
वळताना डावा पाय खाली जातो तुझा.
उद्या सातला ये.