जुनं कार्ड

हॉटेलचा चौथा नि पाचवा मजला माझ्याकडे.
चौसष्ट खोल्या, चौसष्ट कुलपं,
किल्ली एकालाही नाही.

म्हणून डॉक्टर बुथैना कागदावर गोल काढून सांगू लागल्या,
ही पेशी, हा तिचा दरवाजा,
इस्ट्रोजेन येतं, दार उघडतं, आत जाऊन म्हणतं वाढ,
तेव्हा मी म्हटलं, कार्ड रीडर.
त्या पेन टेबलावर ठेवून हसल्या.
त्या खोलीत तेवढं एकदाच कुणी हसलं.

गाठ ईआर पॉझिटिव्ह.
पॉझिटिव्ह हा शब्द याआधी ऐकला
सव्विसाव्या वर्षी, कुडाळच्या दवाखान्यात.
बाहेरच्या बाकड्यावर ह्यांनी लगेच
पेढ्यांचा हिशेब मांडला होता.

तेराव्या वर्षी कावळा शिवला
तो ह्या रसायनानंच धाडलेला.
पुढे दुधाच्या वाटा ह्यानंच आखून ठेवल्या,
ताई म्हणायची, अंगावर तेज आलंय गो तुझ्या,
तेही ह्याचंच.
आता ह्याच्यावर दात कसे खाऊ?
घरातलंच माणूस,
नेहमीच्या वेळेला नेहमीच्या दारात येतंय.
त्याला कुणी सांगितलं नाही
की खोलीत आता दुसरंच कोण राहतंय.

रात्री नऊला पांढरी गोळी.
बाद झालेलं कार्ड:
फटीत जाऊन बसतं,
दिवा हिरवा होत नाही,
नि खरं कार्ड बाहेर ताटकळतं.

मस्कतात जुलै. बाहेर सेहेचाळीस,
आत एसी अठरावर,
तरी चादर ताणताना पाठीतून जाळ उठतो,
मानेवरून कानांत जातो.
मर्सी उशीच्या अभ्र्यानं वारा घालते,
म्हणते, जा, बाहेर उन्हात जाऊन थंड हो.

गोळी पाच वर्षं. कदाचित दहा.
व्हिसा दोन वर्षांचा.
गोळी कुडाळातही मिळते, ठाऊक आहे.
पगार मिळत नाही.

काल चारशे सतराला कार्ड लावलं,
दिवा हिरवा झाला, दार हललं नाही.
कुणीतरी आतून कडी घालून झोपलेलं.
दुपारचे दोन वाजले होते.
एरवी मी पुन्हा ठोकते, हाक मारते,
रिसेप्शनला फोन लावते.
काल म्हटलं, झोपू दे,
नि हात उगाच गणवेशावरून
डाव्या बाजूला गेला.

ट्रॉली पुढे ढकलली.
तिचं एक चाक केव्हापासून कुरकुरतंय,
मेंटेनन्सला सांगायचं राहूनच जातं.