नापास गोटे

इब्रीच्या बाहेर, टायरवाल्याच्या मागे आमची लॅब.
चाळण्या, वजनकाटा, भट्टी
आणि खडीपेक्षा जास्त खडखडणारा एसी.
गुलशेर वाडीतून ट्रक भरून आणतो.
इथं वाडी म्हणजे वस्ती नव्हे,
नदी. तीही निघून गेलेली.
पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं,
वाडीतून दगड आणतात,
तर ती म्हणाली, कुणाच्या? विचारून आणता ना?

मी दगड चाळतो, नोंदवहीत लिहितो.
कोनाचे पास. गोल नापास.
गोल दगड सिमेंटला धरत नाहीत,
एकमेकांनाही नाही.

परवा रात्री फोनवर मंगळाचा एक फोटो आला.
गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची जमीन,
तिच्या फुटक्या थरात रुतलेले खडे.
काही वाटाण्याएवढे, एकदोन सुपारीएवढे.
खाली लिहिलेलं, इथून कधीकाळी पाणी वाहिलं असावं,
घोट्याइतकं, फार तर कमरेइतकं.

असावं काय.
मी बोटांनी फोटो मोठा केला.
कडा गेलेल्या. कोपरे झिजलेले.
एवढा खडा वाऱ्याला उचलत नाही,
तो लोळत लोळत आलाय, लांबून,
दुसऱ्यांवर आपटत.
बावीस वर्षं हेच बघतोय मी.
गुलशेरला दाखवला. त्यानं चष्मा वर केला,
म्हणाला, हा माल माझ्या गाडीतला नाही.

आमचा साहेब खल्फान एकदा त्याच्या गावी घेऊन गेला होता.
खजुरांचे नुसते बुंधे, मधून जाणारा फलज,
तळाशी वाळू आणि पेप्सीचा एक डबा.
भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पांढरी रेघ.
तो ओलांडताना खल्फाननं
दिशदाशा घोट्यावर उचलला.
नंतर इकडेतिकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होतो.

माझ्या शर्टाच्या पाठीवर रोज संध्याकाळी
मिठाचा एक किनारा उमटतो.
केटलीच्या तळाला खपली.
डोक्याचा गोटा झालाय,
सगळे म्हणतात, इथलं पाणीच तसं.
म्हणजे आहे पुरावा, म्हटलं तर.

ओलावा मोजायची आमची रीत साधी:
नमुना आला तसा तोलायचा,
रात्रभर भट्टीत ठेवायचा, सकाळी पुन्हा तोलायचा.
घटलं ते पाणी.
त्या खड्यांचं ओलं वजन कुणी केलंच नाही.
वजाबाकीला वरची रक्कमच नाही.

तरी आज नोंदवहीत शेवटच्या ओळीखाली
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
नमुना प्राप्त नाही. वाडी, अज्ञात. गोल.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे.
बाहेर गुलशेर हॉर्न देतोय.