उरलेली चिठ्ठी

सातवीत पोरं एकोणीस.
आफ्रिकेतल्या देशांच्या तेवढ्याच चिठ्ठ्या
मी रिकाम्या डब्यात घालून फिरवल्या.
इजिप्त निघालं तशी टाळी पडली, केनियाला सिंह होते.
हंसराज नेहारे उशिरा आला, ढोरं आखरावर पोचवून,
दवानं गुडघ्यापर्यंत ओला.
त्याच्या वाट्याला तळाशी चिकटलेली:
बुरुंडी.

"हे कुठी हाय, सर?"

मी नकाशावर बोट ठेवलं
आणि बोट भिंतीला लागलं.
सतरा वर्षं घडीवर घडी पडून
कागद नेमका तिथंच फाटलाय.
भोकातून चुना दिसतो.

तर त्या चुन्याकडे बघूनच सांगायला लागलो:
यवतमाळला गडचिरोली शिवून टाका, एवढा देश.
माणसं मात्र तिप्पट.
समुद्र नाही. आपल्यालाही नाही.
पश्चिमेला टांगानिका नावाचं तळं, इतकं खोल की
आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीसारख्या शंभर टाक्या
एकावर एक रचल्या
तरी शेवटचीही बुडेल.
(टाकी कोरडी आहे, सर, कोणीतरी म्हणालं. हसू.)
डोंगर, डोंगरावर कॉफी, केळी, घेवडा.
बासष्ट साली बेल्जियमवाले गेले.
राजधानी आता गितेगा;
माझ्या पुस्तकात अजून बुजुंबुराच आहे, खोडा.
नाईलचा एक पार दक्षिणेकडचा झरा तिथं फुटतो,
ओंजळीएवढा.
त्याला काय ठाऊक, कुठवर जायचंय.

मग लढायांचं आलं. ते मी घाईनं घेतलं.
हुतू, तुत्सी, थोडे त्वा.
टेकड्या त्याच, भाषा एकच,
तरी त्र्याण्णवपासून बारा वर्षं

"भाषा येकच, त मंग वळखत कसे?"

खडू पडला. शोधायला वाकलो
आणि टेबलाखाली जरा जास्तच वेळ राहिलो.
वर शिष्यवृत्तीचे अर्ज पडले होते.
हंसराजच्या अर्जात जातीचा रकाना कोरा,
कारण दोन शब्दांच्या मधली एक आडवी रेघ
दाखल्यात असावी की नसावी
यापायी त्याचा बाप झिबल
तीन खेपा तहसिलीत घालून आलाय
आणि चौथ्या खेपेला
गावाची ढोरं कोणाच्या भरवशावर सोडायची
हे ठरत नाही.

"कागदावरून," मी म्हणालो. "बरंचसं कागदावरून."
ते पुरतं खरं नव्हतं.
गावात दोन हापशा आहेत, आणि पोरांना
कोणती कोणाची ते कागद न बघता कळतं.

विषय बदलायचा म्हणून सांगितलं,
तिथं माणूस माणसाला भेटला की म्हणतो, अमाश्यो.
म्हणजे, तुझ्या दारी कळप असोत.
एकोणीस तोंडांनी ते चाखून पाहिलं.
हंसराजनं तळहातावर लिहिलं.

संध्याकाळी गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो.
कळप उतरत होता पांदीतून.
कधीकाळी तीनशे, आता त्रेचाळीस;
बाकीच्यांच्या जागी ट्रॅक्टर.
मागं झिबल, खांद्यावर छत्री, कानात विडी.
पोरगा धावत सामोरा गेला,
तळहात डोळ्यांपाशी नेला आणि ओरडला,
"बाबा, अमाश्यो!"

झिबल थबकला.
कपाळाला हात लावून मागं पांदीत पाहिलं.
"कोनाची हाय थे? मांगं राह्यली का?"
आणि धुळीत उभ्या उभ्या
सगळी पहिल्यापासून मोजायला लागला.