बिनडाखाचं

शालिमारच्या गाळ्यातून आणली
वायरवाली इअरफोनची जोडी.
अठराशे पन्नास. घासाघीस करून सतराशे.
हेरंब हसला.
त्याच्या एकेका कानात पाच ड्रायव्हर:
खर्जाला वेगळा, गळ्याला वेगळा,
झांजेच्या किणकिणीला तर दोन.
"आणि तुझ्यात एकच?
एकट्यानं सगळं ओढायचं म्हणजे
थोरल्या सुनेचंच काम की."

एकच.
करंगळीच्या नखाएवढा पडदा,
कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा असतो तसा.
मागे तांब्याच्या तारेचं वेटोळं,
पुढे मी.

अंबडहून सेकंड शिफ्ट करून आलो,
तांबट लेनच्या गच्चीवर, स्वेटरवर शाल,
आणि आधी तंबोरा लावला.
खर्ज आला तो धक्काबुक्की करत नाही,
दाराशी चपला काढून आला
आणि बसला.
त्याच्या मांडीला मांडी लावून गळा.
मग तबल्याची चाट, कडेला जराशी घासलेली.
खोटं कशाला सांगू,
वरचं टोक थोडं अलीकडेच थांबतं,
झांज वाजते पण तिची धूळ उडत नाही.
तरी एकदाही असं झालं नाही
की इथे एकानं सोडलं
आणि तिथे दुसऱ्यानं धरलं.

खाली अण्णा अजून बंबाच्या बुडाला मठार देत होते.
बेचाळीस वर्षांचं ठक् ठक् ठक्.
मागच्या दिवाळीत द्वारकेच्या डॉक्टरांनी
त्यांच्या कानांची रेघ कागदावर काढली होती.
बरीच सरळ आली, आणि मग एकदम
गंगापूर धरणाच्या भिंतीवरून पडावी तशी पडली.
डॉक्टर म्हणाले, "वरचं गेलंय."
अण्णा म्हणाले, "वरचं म्हणजे? माळ्यावरचं?"
तेव्हापासून आईनं मागितलेली साखर
त्यांना आखर ऐकू येते,
आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम
माझ्याकडे आहे.

हातोडी ठेवून त्यांनी हात धोतराला पुसले.
डावा लावला, उजवा लावला,
डोळे बंबावरच.
बराच वेळ.
मग माझ्याशी बोलताना ओरडले, कानात बोळे असल्यावर
सगळेच ओरडतात तसे:
"आत पत्रे किती?"
एकच, अण्णा.
"डाख?"
नाही. जोडच नाही.
"तरीच.
जोडाच्या घागरीला टिचकी मारली
की दोन आवाज येतात.
एक तांब्याचा, एक डाखाचा.
गिऱ्हाइकाला कळत नाही."
थोडं थांबून,
"पण ह्याचं वरचं जरा कमीच आहे रे."

हो, म्हटलं. एका पडद्याचं असतं तसं.
त्यातलं इअरफोनचं किती
आणि त्या कागदावरच्या भिंतीचं किती
ते मी वेगळं केलं नाही.

"नवं आहे. वाजू दे.
मठारल्याशिवाय तांबंसुद्धा खणखणत नाही."

सकाळी खुंटीवर जोडी नव्हती.
मोबाइलही नव्हता.
दुकानात ऐरणीशेजारी
कालच कल्हई केलेल्या वाटीत
दोन्ही बोंडं घालून ठेवलेली,
बॅटरी तीन टक्क्यांवर,
आणि रात्रभराचा तंबोरा
वाटीच्या काठाकाठानं अजून फिरत होता,
माशी फिरावी तेवढा.

अण्णा चहाची बशी धरून उभे.
"उघडलं का वरचं?"

मी कानात घातले. गार होते.
झांजेपर्यंत गाणं पुढे नेलं,
मग परत मागे आणलं.
तसंच होतं सगळं, कालच्यासारखं,
चपला काढून बसलेलं.

"थोडं," मी म्हटलं.

"ओडं?"

थोडं, थोडं.

त्यांनी बशी तोंडाला लावली, मान हलवली,
आणि वाटी पुन्हा जागेवर सरकवली.
"आणखी दोन रात्री लागतील."