सहाशे ओहम

झाइगा संगणक घेऊन आली तो स्लेजवर बांधून,
मुलाच्या लाकडी स्लेजवर, वर घोंगडी.
दौगावा नदी गोठलेली, आणि माझ्या दुकानाची घंटा
थंडीने घसा बसलेली.
"ऐकू येत नाही," म्हणाली. "आणि येतं ते भलतंच."

हेडफोन मूळचे तिचे नव्हते. जुन्या रेडिओ केंद्राच्या
भंगारातून उचललेले, सहाशे ओहमचे,
डोक्यावर कोणी हात ठेवावा तसे जड.
त्यांच्यापुढे मदरबोर्डवरचा तो इवलासा ऑडिओ म्हणजे
भरल्या गाड्याला जुंपलेली मुंगी.

पुढच्या जॅकमध्ये पिन खुपसली. माउस हलवला.
चिर्र. थांबवला. गप्प. पुन्हा हलवला. चिर्र.
"हा किडा," ती म्हणाली, "दोन वर्षं माझ्याकडे राहतोय."
मागचा जॅक लावून पाहिला, त्याला पैसे पडत नाहीत.
किडा थोडा लांब गेला. मेला नाही.

खरं सांगतो, साउंड कार्डच विकायचं होतं मला.
नव्वद युरोचं, सोनेरी झाकणाचं, उन्हाळ्यापासून पडून.
पण तिच्या डब्यात जागा एकच, तीही
ग्राफिक्स कार्डच्या पंख्याला खेटून:
भांडखोर शेजाऱ्याच्या भिंतीला लावलेला पाळणा.
मग नुसता अँप्लिफायर? तो बिचारा इमानदार,
हाती येईल ते मोठं करतो, किडासुद्धा.
आडातच गाळ असेल
तर पोहरा मोठा घेऊन काय करायचं?

ती नोटा मोजत होती, हातमोजे न काढता.
गावोगावच्या गाण्यांच्या जुन्या टेपा
ऐकून कागदावर उतरवायचं तिचं काम.
संग्रहालय टेपमागे साडेचार युरो देतं.

मी काउंटरखालून माझी स्वतःची डबी काढली.
यूएसबीला जोडायची; आकड्यांचा आवाज
संगणकाच्या बाहेर येऊन करते,
अँप्लिफायरही तिच्याच पोटात.
नॉब खरखरतो, झाकणावर माझ्या कॉफीचा डाग.
चाळीस म्हणालो. पस्तीस घेतले.

तिने टेप सुरू केली, एक कान मला दिला.
एकाहत्तर साल, पूर्वेकडचं कुठलंसं खेडं.
किडा नाही. बाई गातेय,
नको तिथे श्वास घेतेय, ओळ तोडून.
आणि मागे तरीही काहीतरी. स्स्स. स्स्स.
माझा चेहरा पडला. पैसे परत द्यायला हात गल्ल्यात गेला.

"थांबा."
तिने नॉब वर केला. खरखर.
"चाळण आहे ही. काळ्या पावाचं पीठ चाळतंय कुणीतरी.
किड्याच्या आड होतं हे, इतके दिवस."

खोक्यावर नाव फक्त गाणारीचं.
झाइगाने हातमोजा दातांनी ओढून काढला,
आणि तिथेच, माझ्या पावतीपुस्तकावर वही ठेवून,
गाण्याच्या शब्दांखाली लिहिलं:
मागे पीठ चाळणारी, नाव माहीत नाही.
तिसऱ्या कडव्यापाशी थांबते.