कर्मणी प्रयोग

लोमे शहरात, बे वस्तीच्या शाळेत
मी तेवीस वर्षं व्याकरण शिकवते.
परवा सातवीत एलिक्प्लिमनं हात वर केला:
मॅडम, जुन्या घटनेत होतं,
"जनता राष्ट्राध्यक्ष निवडेल."
नव्या मसुद्यात आहे,
"राष्ट्राध्यक्ष निवडला जाईल."
दोन्ही वाक्यं बरोबर आहेत ना?

बरोबर आहेत, म्हटलं,
आणि खडू बोटांत तसाच राहिला.

चूक असती तर लाल शाईनं गोल केला असता.
पण काना-मात्रेसकट सगळं जागच्या जागी.
फक्त एक जण वाक्यातून उठून गेलेला,
भरल्या जेवणावळीतून कुणी उठावं
आणि वाढप्यालाही कळू नये, तसा.

माझ्या आईला अक्षर येत नव्हतं.
मत देऊन आली की शाईचं बोट
दोन दिवस पाण्याला लागू द्यायची नाही,
मासेही डाव्या हातानं साफ करायची,
खवले उडायचे भिंतभर.
ती होती त्या जुन्या वाक्यात.
अख्ख्या एका क्रियापदाची कर्ती.

आता रात्री आठला पातेली वाजतात.
आधी एकच, न्हाव्याच्या दुकानामागून, चाचपडत,
मग दुसरं, मग मोजता येत नाहीत.
शेजारची आकोफा, जिनं नवऱ्यावरसुद्धा
कधी आवाज चढवला नाही,
मक्याचं पीठ घोटायचा दांडा घेऊन
कुंपणाचा पत्रा बडवते,
आणि मधेच थांबून घाम पुसते, लाजते, पुन्हा बडवते.
मी खिडकीत. सरकारी नोकर.
हाताची घडी.

फोनवर एक गोल फिरत राहतो.
नेट आहे. नाही. आहे म्हणेपर्यंत नाही.
आमच्या चौकात काय झालं
ते आम्हाला बेल्जियमहून कळतं.
भाचा सेलोम तिकडे गोदामात रात्रपाळी करतो,
खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता
हजार जणांचे व्हिडिओ हजारांना पाठवतो.
पहाटे कधीतरी त्याचा निरोप येऊन पडतो:
"मावशी, तुझ्या दाराशी टायर जळतोय, खिडकी लाव."
रात्री अकराचा निरोप.
धूर तोवर आत येऊन बसलेला,
ओळखीच्या पाहुण्यासारखा, पडद्यांत, उशीत.

गुरुवारी एलिक्प्लिमच्या भावाला नेलं.
त्यानं एक व्हिडिओ पुढे ढकलला होता,
खाली तीन शब्द लिहून. त्यातला एक चुकीचा.
रेडिओ म्हणाला,
"काही व्यक्तींना ताब्यात घेण्यात आलं आहे."
कुणी घेतलं?
वाक्य सांगत नाही.
इस्त्रीचे कपडे, हात स्वच्छ धुतलेले,
असं ते वाक्य बातम्यांत येतं आणि हवामानाला जागा देतं.

भावे प्रयोग शिकवताना मी नेहमी म्हणते,
इथे क्रियापद कुणाचंच ऐकत नाही बरं का.
मुलं हसतात.
या वर्षी हसली नाहीत.

सोमवारी चाचणी घेतली. एकच प्रश्न.
"राष्ट्राध्यक्ष निवडला जाईल."
प्रयोग बदला. योग्य कर्ता घाला.

बहुतेकांनी जनता घातली.
एकीनं, माझी आजी.
मागच्या बाकावरच्या कोमीनं, मी,
आणि कंसात: अठरा पूर्ण झाल्यावर.
दोघांनी जागा कोरी सोडली,
त्यांचे वडील पोलिसात आहेत.
एलिक्प्लिमनं लिहिलं, माझा भाऊ निवडेल,
मग स्वल्पविराम,
मग, सुटला की.

स्वल्पविरामाची जागा चुकली आहे.
लाल पेन उघडून मी कितीतरी वेळ बसले,
शाई टोकाशी सुकली.
मुख्याध्यापकांनी शिपाई धाडला, पेपर हवेत म्हणून.
सांगितलं, तपासायचे राहिलेत.

आठ वाजायला आले.
न्हाव्याच्या मागून ते पहिलं पातेलं.
माझ्याकडे आवाजाचं असं एकच आहे, जाड बुडाचं,
आणि त्यात उद्याची चवळी भिजत घातली आहे.
ती आता कशात काढू,
एवढंच ठरायचं आहे.