थंडीनं झालं असेल

बुंधा तसा मोठा नव्हता.
जुन्या सफरचंदाचा, अर्धा कुजलेला.
मी साखळी आवळली, क्लच सोडला,
आणि सोळा घोड्यांचा आमचा ठेंगणा ट्रॅक्टर
पुढची चाकं उचलून क्षणभर उभाच राहिला.
मग पोटातून एक आवाज आला.
मोठा नाही, सुपारी फुटावी एवढा.

गवतावर तेल ठिबकायला लागलं.
गिअरपेटीच्या कवचाला तडा,
वरच्या बोल्टापासून वीतभर खाली.
बीडच ते.
मोडेन पण वाकणार नाही, असं
माणसं नुसतं म्हणतात.

बाबांना सांगितलं नाही.
ते खिडकीशी बसून समुद्राकडे बघत होते,
म्हणजे धुक्याकडे;
नोव्हा स्कोशियात ऑक्टोबरात तेच दिसतं.

दोन दिवस लागले ट्रॅक्टर मधोमध सोडवायला.
पुढचा अर्धा ओंडक्यांवर, मागचा अर्धा जॅकवर,
मधल्या फटीतून मांजर आरपार गेलं.
तिसऱ्या दिवशी क्लोव्हिस तेरिओ आला,
गोदीत चाळीस वर्षं डोळे जाळलेला म्हातारा,
ब्लूबेरीच्या मुरांब्याच्या दोन बरण्यांच्या बोलीवर.

आधी टोकांना भोकं पाड, म्हणाला.
पळणाऱ्याला आधी अडवायचं,
मग विचारपूस.

मी ग्राइंडर लावला.
लाल रंग उडाला. त्याखाली राखाडी,
त्याखाली आणखी एक लाल, जुना, विटका,
आणि त्याखाली, तड्याच्या अगदी शेजारी,
पितळेची एक पिवळी रेघ.
करंगळीएवढी जाड. कुणीतरी कानशीनं
जिवापाड घासून सपाट केलेली.

क्लोव्हिसनं चष्मा कपाळावर नेला.
रेघेवरून अंगठा फिरवला.
माझीच, म्हणाला. तू पाळण्यात होतीस.
तोही बुंधाच ओढत होता.
तुझ्या आईला सांगितलं, थंडीनं झालं,
आत पाणी गोठलं.
बिचारीनं त्या हिवाळ्यात
ट्रॅक्टरवर स्वतःची गोधडी घातली.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
अर्ध्या पिंपात बर्चची लाकडं पेटवली,
कवच त्यावर ठेवलं, उलटसुलट केलं,
थुंकी नाचायला लागेपर्यंत.
त्यानं ज्योत बारीक केली, कांडी टेकवली,
पितळ आधी थेंब होऊन रुसून बसलं,
मग एकदम पाझरलं,
जिथं जायचं होतं तिथं.

खरं काम त्यानंतरचं: काही न करणं.
राखेत पुरलं, वर पत्रा, पत्र्यावर पोती.
घाईनं निवलं तर पुन्हा फुटतं.
रात्री दोनदा मी कोठारात जाऊन कान लावला,
कुठे टक् होतंय का.
मांजर पोत्यांवर झोपलं होतं, त्याचीच घरघर.

सकाळी राख उपसली.
मडकं घेताना वाजवतात तसं
क्लोव्हिसनं पान्यानं टिचकी मारली.
बद्द नाही.
अगदी ठणठणीतही नाही;
आवाजाच्या शेवटाला थोडा घसा बसलेला,
त्याच्या स्वतःच्या आवाजासारखा.
चालेल, म्हणाला. मी गेल्यावरही चालेल.
बरण्या काखेत मारून निघून गेला.

रविवारी ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा
बाबा काठी टेकत अंगणात आले.
वाकून खालून पाहिलं.
दोन पिवळ्या रेघा, जवळजवळ.
मी रंग दिला नव्हता. विसरले होते, असं नाही.

काय झालं होतं गं?

मी हातमोजे काढले, पुन्हा घातले.
थंडीनं झालं असेल, म्हटलं.

त्यांनी मान हलवली.
काठीनं टायरवरचा चिखल थोडा खरवडला.
हो, म्हणाले,
इथली थंडी वाईटच.